सव्वासहा वाजले म्हणजे किती वाजले? बॅबिलोनचे आकडे, सोप्या भाषेत

गणपती घरीच करायचा म्हणून आणलेली शाडूची माती दरवर्षी थोडी उरते आणि दरवर्षी ती बाल्कनीत पिशवीतल्या पिशवीत वाळून दगड होते. ह्यावेळी भाची राहायला आली होती, सहावीत आहे, आणि आदल्या रात्रीच्या चायनीजच्या पार्सलबरोबर आलेल्या चॉपस्टिक्स घेऊन तिचं टेबलावर ड्रम वाजवणं चालू होतं. त्या चॉपस्टिकचं जाड टोक चौकोनी असतं बघा, धारदार कोपरे असलेलं. म्हटलं चल, ड्रम बंद कर, तुला चार हजार वर्षांपूर्वीचे आकडे लिहायला शिकवतो, दोनच खुणा आहेत. तर म्हणाली, मामा, दोनच खुणा? मग शिकायचं काय त्यात?

बरोबर आहे तिचं. खुणा पाच मिनिटांत येतात. डोकं फिरतं ते नंतर.

आधी खुणा. बॅबिलोन म्हणजे आजच्या इराकमध्ये, बगदादच्या दक्षिणेला साधारण ८५ किलोमीटरवर. तिकडे दगड कमी, लाकूड कमी, पण दोन नद्यांचा गाळ आणि बोरू भरपूर, त्यामुळे वही म्हणजे ओल्या मातीची पाटी आणि पेन म्हणजे कापलेला बोरू. ओल्या मातीत रेघ ओढून बघा कधी, माती पुढे ढकलली जाते आणि कडेला बांध तयार होतो, वाचवत नाही. म्हणून ते ओढायचे नाहीत, दाबायचे. बोरूचा कोपरा तिरका करून टेकवला की वर त्रिकोणी डोकं आणि खाली निमुळती शेपूट असा खिळ्यासारखा ठसा उठतो. हा उभा खिळा म्हणजे १. आणि हातातला बोरू जरा फिरवून नुसता कोपरा दाबला की डावीकडे टोक असलेला कोन उठतो, तो म्हणजे १०. संपलं. इथे टाईप करताना मी खिळ्यासाठी आपला दंड वापरतो । आणि कोनासाठी हे < चिन्ह, अगदी तसंच दिसत नाही पण काम भागेल.

तर २३ म्हणजे दोन कोन तीन खिळे, << ।।। असं. ४१ म्हणजे चार कोन एक खिळा. आता ९ लिहायचे तर नऊ खिळे ओळीत ठोकले तर वाचणाऱ्याला बोट ठेवून मोजत बसावं लागेल, म्हणून ते तीन-तीनच्या ओळी एकाखाली एक रचायचे, तीन तीन तीन म्हणजे नऊ, तीन तीन एक म्हणजे सात. डोळ्याला तीनपर्यंतचा घोळका न मोजता कळतो ना, त्याचा फायदा. आणि एक गंमत जी मराठी माणसाला इतरांपेक्षा लवकर कळेल, ती म्हणजे कित्येक पाट्यांवर १९ हा सरळ एक कोन नऊ खिळे असा न लिहिता "२० उणे १" असा लिहिलेला सापडतो. आपलं एकोणीस म्हणजे तरी काय, एक उणा वीसच की. नऊ खिळे ठोकायचा कंटाळा त्यांनाही होताच.

असं करत करत ५९ पर्यंत जायचं, पाच कोन नऊ खिळे. आणि ६० आला की? परत एक खिळा. तोच. १ साठी होता तोच.

इथे भाचीने चॉपस्टिक खाली ठेवली. हे कसं काय, १ पण तेच आणि ६० पण तेच?

आपण १ लिहितो आणि १० लिहितो तेव्हा त्यातला १ पण सेमच असतो, फक्त तो एक घर डावीकडे सरकलेला असतो म्हणून त्याची किंमत दहापट. त्यांच्याकडे घर सरकलं की किंमत साठपट. बास, एवढाच फरक आहे. आपलं एकक दशक शतक म्हणजे १, १०, १००. त्यांचं १, ६०, ३६००, आणि त्याच्या पुढे २१६०००. आणि हे अवघड वाटत असेल तर भिंतीवर बघा. २ तास १५ मिनिटं ४० सेकंद हे आपण रोज वाचतो, उजवीकडे ६० भरले की डावीकडे एक जातो, हा बॅबिलोनी आकडाच आहे, २ नंतर १५ नंतर ४०. सेकंदांत सांगायचं तर ८१४०. कोणी आपल्याला ८१४० सेकंद असं सांगितलं तर डोक्यात काही येत नाही पण सव्वादोन तास म्हटलं की लगेच येतं, म्हणजे साठीची पद्धत आपल्याला येते, फक्त आपण तिला घड्याळापुरती कोंडून ठेवलीय.

म्हणून एखादी संख्या त्यांच्यासारखी लिहायची तर सोपं आहे, तिला मिनिटं समजा आणि तास काढा. शिवराज्याभिषेकाचं साल घेऊ, १६७४. साठने भागा, २७ वेळा जातो (१६२०), उरले ५४. झालं, २७ आणि ५४. पाटीवर दोन कोन सात खिळे, जरा जागा सोडून पाच कोन चार खिळे. एकूण अठरा ठसे. भाचीने हे फार नेटकं काढलं, पाटीचा फोटो आईला पाठवला, आणि मग म्हणाली आता मी माझं माझं लिहिते, तू ओळख.

तिने मातीत दोन खिळे ठोकले आणि विचारलं, किती?

मी म्हटलं २. ती म्हणाली चूक, ६१.

आणि ती चूक नव्हती! एक साठ आणि एक, म्हणजे खिळा-खिळा. २ लिहिताना खिळे चिकटून ठोकायचे आणि ६१ लिहिताना मधे फट ठेवायची, एवढ्यावरच सगळं. आता ओली माती, हाताने लिहिणं, त्यात लिहिणारा बारा वर्षांचा, फट किती हे कोण ठरवणार. त्यामानाने ११ आणि ७० सोपे. ११ म्हणजे < । आणि ७० म्हणजे । < , एका घरात नेहमी आधी कोन मग खिळे असाच क्रम असतो, त्यामुळे कोनाच्या आधी खिळा दिसला की समजायचं तो खिळा वरच्या घरातला. पण २ आणि ६१, किंवा २० आणि ६१० (१० साठ आणि १०) इथे फट हाच आधार.

ह्याहून मोठी अडचण म्हणजे शून्य नाही. ३६०१ लिहायचं तर एक खिळा, मधलं साठांचं घर रिकामं, मग एक खिळा. रिकाम्या घरात काय लिहायचं तर काही नाही, जागा जरा जास्त सोडायची. म्हणजे लहान फट ६१, मोठी फट ३६०१, फट नाही तर २. कमाल आहे. आणि शेवटी येणारी रिकामी घरं तर दाखवायचीच नाहीत. दिवसाचे तास २४. दिवसाची मिनिटं १४४०, म्हणजे २४ साठं. दिवसाचे सेकंद ८६४००, म्हणजे २४ वेळा ३६००. पाटीवर ह्या तिन्ही संख्या कशा लिहिणार तर << ।।।। , तिन्ही सेम टू सेम. आणि अजून बाकी आहे, अपूर्णांकाचं चिन्हही नाही, म्हणजे घरं उजवीकडेही चालू राहतात, साठावा भाग, तीन हजार सहाशेवा भाग, पण पूर्णांक कुठे संपला आणि अपूर्णांक कुठे सुरू झाला ते पाटी सांगत नाही. एकटा खिळा म्हणजे १ असेल, ६० असेल, ३६०० असेल किंवा एक साठांश असेल.

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला वाटलेलं की असल्या पद्धतीत लोक व्यवहार कसे करत असतील, रोज भांडणं होत असतील. पण मग आपलंच बोलणं ऐका. कोथिंबीर कितीला? वीसला. शेजारचा फ्लॅट कितीला गेला? ऐंशीला. आता ह्यातले वीस म्हणजे वीस रुपये आणि ऐंशी म्हणजे ऐंशी लाख हे कोणी सांगितलं? कोणीच नाही, दोघांनाही ते आधीच माहीत असतं. आकडा नुसते अंक सांगतो आणि त्याचा आवाका ऐकणाऱ्याच्या डोक्यात असतो. बॅबिलोनी आकडे अगदी ह्याच तत्त्वावर चालतात, फक्त आपण बोलताना करतो ते ते लिहिताना करायचे.

शिवाय ही पद्धत मुख्यतः कच्च्या कामाची होती, वहीच्या मागच्या पानावर करतो ना तशी आकडेमोड. गोदामातलं धान्य, चांदी, शेताचं क्षेत्रफळ ह्यांच्या पक्क्या नोंदी मापांसकट असायच्या, इतके शेकेल, इतके मिना (६० शेकेलचा एक मिना, ६० मिनांचा एक टॅलंट, तिथेही साठ आलेच), आणि त्यात गोंधळाला जागा नव्हती. गुणाकार-भागाकार करायचा झाला की मापं बाजूला ठेवून सगळं साठीच्या अंकांत आणायचं, हिशोब करायचा, आणि उत्तर परत मापात लिहून टाकायचं. म्हणून तर घरं दाखवायची त्यांना फार गरज पडली नाही.

हे आज आपल्याला कळतं कसं ह्याची गोष्ट पण मस्त आहे. १८५० च्या दशकात विल्यम लॉफ्टस ह्या इंग्रजाला इराकमध्ये सेनकेरे इथे, म्हणजे जुन्या लार्सा शहरात, काही पाट्या मिळाल्या आणि त्यावरचे आकडे हेन्री रॉलिन्सनने वाचले. आकडे जात होते १, ४, ९, १६, २५, ३६, ४९ असे. ठीक, वर्गसंख्या आहेत, पोरंही सांगतील. मग पुढे ६४ यायला हवा, तर तिथे होतं "१ ४". पुढे ८१ च्या जागी "१ २१". शंभरच्या जागी "१ ४०". आता तुम्ही इथपर्यंत वाचलंय तर तुम्हाला कळलंच, एक साठ आणि चार, एक साठ आणि एकवीस. पुढे जाऊन ५९ चा वर्ग येतो "५८ १" (५८ गुणिले ६० अधिक १ म्हणजे ३४८१, करून बघा) आणि शेवटी ६० चा वर्ग नुसता "१". नुसत्या वर्गांच्या ओळीवरून पद्धत उलगडली.

पाढे मात्र पोरांना पाठ करायलाच लागायचे, त्यातून सुटका नाही. निप्पूर ह्या तिकडच्याच जुन्या शहरात एका घरात शिकणाऱ्या मुलांच्या पाट्यांचे शेकड्यांनी तुकडे सापडलेत, इ.स.पू. १७४० च्या आसपासचे, त्यात पाढेच पाढे. नऊचा पाढा नऊ, अठरा, सत्तावीस, छत्तीस, पंचेचाळीस, चोपन्न इथपर्यंत आपल्यासारखाच, मग नऊ साती त्रेसष्ट म्हणायच्या ठिकाणी "एक, तीन". पुढे "एक, बारा". एक तास तीन मिनिटं, एक तास बारा मिनिटं असं म्हणा, जीभ सरळ होते. आणि ज्यांना एकोणतीसचा पाढा जुलूम वाटायचा त्यांच्या माहितीसाठी, तिकडे "४४ २६ ४०" ह्या संख्येचा पाढा होता. पाढा. पाठ करायचा.

एवढा विचित्र पाढा कशाला, तर भागाकारासाठी. बॅबिलोनी माणूस भागाकार असा करायचाच नाही. ८ ने भागायचं असेल तर तो पाठ केलेल्या दुसऱ्या कोष्टकात बघायचा की साठाचे आठ भाग केले तर एक केवढा, साडेसात, म्हणजे "७ ३०", आणि त्याने गुणायचा. ५० भागिले ८ करू. ५० गुणिले साडेसात म्हणजे ३७५, म्हणजे "६ १५". आणि "६ १५" म्हणजे? सव्वासहा! ५० चे आठ भाग सव्वासहाच होतात. घड्याळात ६:१५ ला आपण सव्वासहा म्हणतो तेव्हा आपण नेमकं हेच बोलतो, सहा पूर्ण आणि साठातले पंधरा म्हणजे पाव. दीड म्हणजे "१ ३०", पावणेदोन म्हणजे "१ ४५", अडीच म्हणजे "२ ३०". आमच्या आजोबांच्या पिढीने पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी पाठ केली होती, त्यांना त्या निप्पूरच्या शाळेत नेऊन बसवलं असतं तर आठवडाभरात रुळले असते असं मला उगाच वाटतं. (ते ४४ २६ ४० पण असंच, ८१ ने भागायला.)

फक्त ७ आडवा येतो. साठाला सातने भाग जात नाही, ८ ३४ १७ आणि परत ८ ३४ १७ असं कधी संपतच नाही, जसं आपल्याकडे एक तृतीयांश ०.३३३ होत राहतं. त्यांच्या कोष्टकात ६ नंतर सरळ ८ येतो, आणि काही पाट्यांवर स्पष्टच लिहिलेलं असतं की ७ ला जोडीदार नाही, म्हणजे ७ ने भागायच्या ऐवजी गुणायला संख्याच नाही. पण २, ३, ४, ५, ६, १०, १२, १५, २०, ३० ह्या सगळ्यांनी साठ सरळ कापता येतो, दहाला मात्र फक्त २ आणि ५. वाटणी करणाऱ्याला साठ म्हणजे चैन आहे. बोटांच्या पेरांवर बारा मोजून दुसऱ्या हाताच्या पाच बोटांनी साठ, अशी एक थिअरी फॉरवर्ड होत असते, जपाची माळ नसेल तर आपणही पेरांवरच मोजतो म्हणून ती पटकन पटते, पण मला ती नंतर जुळवलेली वाटते. कारण त्यांच्या आधीच्या सुमेरी लोकांचे जुने आकडे बघितले तर ते १, १०, ६०, ६००, ३६०० असे चढतात, एकदा दहापट एकदा सहापट. त्या कोन-खिळ्यांतला दहा तिथूनच आलेला आहे.

आता माझी सगळ्यात आवडती पाटी. अमेरिकेत येल विद्यापीठात आहे, नंबर वायबीसी ७२८९, तळहातात मावेल अशी गोल, साधारण ८ सेंटिमीटर, इ.स.पू. १८०० ते १६०० च्या दरम्यानची. गोल पाट्या शिकणाऱ्यांच्या असायच्या, म्हणजे हे बहुतेक कुठल्यातरी पोराचं क्लासवर्क. त्यावर एक चौकोन, त्याचे दोन कर्ण, आणि तीन संख्या. बाजूवर लिहिलंय ३०. कर्णावर "१ २४ ५१ १०". त्याच्या खाली "४२ २५ ३५". वरची संख्या १ च्या पुढे अपूर्णांक धरून वाचली, १ अधिक २४ साठांश अधिक ५१ भागिले ३६०० अधिक १० भागिले २१६०००, की येतं १.४१४२१२९६. दोनचं वर्गमूळ १.४१४२१३५६. फरक किती, तर एक किलोमीटर बाजूचा चौकोन आखला तर त्याच्या कर्णात अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त. ३० ला त्याने गुणलं की ४२ २५ ३५, तो कर्ण. सगळं बरोबर.

आणि इथे ते अपूर्णांकाचं चिन्ह नसण्याचा तोटा उलटून फायदा होतो बघा. बाजूवरचा ३० हा तीस समजा किंवा अर्धा समजा (साठातले तीस), पाटीवर काडीचाही फरक पडत नाही. अर्धा समजलात तर कर्ण ०.७०७१ येतो, आणि तो दोनच्या वर्गमूळाचा जोडीदार आहे, म्हणजे त्याने भागायचं असेल तेव्हा गुणायला लागणारी संख्या. एकाच पाटीवर तेच तीन आकडे दोन उत्तरं देतात. आपण दशांश चिन्ह टाकतो आणि अशी मजा घालवून बसतो.

शून्याचं पुढे काय झालं? बरंच नंतर, अलेक्झांडरच्या पश्चात सेल्यूकस घराण्याच्या काळात, इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या सुमारास, मधल्या रिकाम्या घरात दोन तिरके छोटे खिळे ठोकायची पद्धत रूढ झालेली दिसते. फट किती ही कटकट संपली. पण ती नुसती "इथे रिकामं आहे" अशी पाटी होती, तिच्यात बेरीज-वजाबाकी करायची संख्या नव्हे. शून्याचे तसे नियम आपल्याकडे ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये लिहिले, त्यामुळे "शून्य कोणाचं" ह्यावर भांडणाऱ्यांनी आधी कुठलं शून्य ते ठरवावं.

त्या काळापर्यंत हे आकडे बाजारातून उठून आकाशात गेले होते. बॅबिलोनच्या ज्योतिषांनी अमावास्या ते अमावास्या सरासरी किती दिवस ते असं काढलं, २९ दिवस, मग ३१ ५० ८ २०, चार घरं अपूर्णांकाची. आजच्या मोजमापाशी त्याचा फरक महिन्यामागे अर्ध्या सेकंदाच्या आसपास येतो. ग्रीक खगोलवाल्यांनी ही संख्या आणि ही साठीची मांडणी दोन्ही उचललं, टॉलेमीच्या हिशोबात अंशाचे साठ भाग आणि त्याचे परत साठ भाग तसेच आहेत, आणि त्याचं लॅटिनमध्ये झालेलं "पहिला बारीक भाग" आणि "दुसरा बारीक भाग" म्हणजे आपले मिनिट आणि सेकंद. सेकंद म्हणजे शब्दशः "दुसरा", तेव्हा कुठे कळलं मला. पंचांगातही अंश, कला, विकला साठानेच उतरतात, आणि दिवसाच्या ६० घटी, घटीची ६० पळं, म्हणजे घटी २४ मिनिटांची आणि पळ २४ सेकंदांचं. दिवसाचे साठ भाग करणं आपल्याकडे वेदांग ज्योतिषापासून आहे, त्यामुळे सगळंच तिकडून आलं असं म्हणून मोकळं होता येत नाही. शेवटच्या सापडलेल्या खिळ्यांच्या पाट्या इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या, त्याही आकाशाच्याच. लिपी मेली, तरी साठ राहिला.

भाचीची पाटी आम्ही दोन दिवस खिडकीत ठेवली होती, १६७४ वाली. मग तिला पुढची लिहायची होती आणि माती संपली, म्हणून तीच बादलीत टाकली. निप्पूरच्या त्या घरातही पाट्या भिजवून परत मळायचे आणि उरलेल्या काही तर जमिनीत, भिंतीत सरळ भराव म्हणून घातलेल्या होत्या, म्हणूनच त्या टिकल्या. आमची विरघळायला पाऊण तास लागला. किंवा भाचीच्या भाषेत, चार कोन पाच खिळे, कुठलं घर ते तुम्ही बघा.